खरा तेजा कोण?

‘अंदाज अपना अपना’ (१९९४) मध्ये परेश रावल जुळे भाऊ रंगवतो. एक सज्जन, दुसरा तेजा. कोण कोणता हे ओळखायला भरवसा काय तो खुणेचा, आणि त्या खुणेवरूनच सगळा गोंधळ. मुंबईच्या ‘स्क्राइब’ या बँडने २०१० साली अल्बमचं नाव ‘मार्क ऑफ तेजा’ ठेवलं, तेव्हा मंडळी हसली. मला मात्र त्या नावात टीका ऐकू येते. पंक आणि त्याचं आडदांड भावंड हार्डकोर नियम मोडत आले खरे, पण लवकरच त्यांनी आपलं सोवळं-ओवळं ठरवलं: मोजक्या कॉर्ड, भरधाव लय, कपाळाला आठी. मग अस्सल पंक कोण, याचे दाखले मागणं सुरू झालं. स्क्राइबच्या पोरांनी दाखल्याच्या जागी तेजाची खूण पुढे केली.

हसून नियम मोडणारे ते पहिले नव्हेत. कॅलिफोर्नियातल्या ‘मिनटमेन’ या पंक बँडने १९८४च्या दुहेरी अल्बमच्या नावातच सॅमी हेगरची टर उडवली. तो गाण्यात म्हणत होता, ताशी ५५ मैलांची मर्यादा आपल्याला जमत नाही. यांनी मुखपृष्ठावर काटा बरोबर ५५वर ठेवून मोटार हाकली. आणि आत पंकबरोबर फंक आणि जॅझही घातलं.

स्क्राइबचा विनोद शब्दांइतकाच लयीत आहे. गायक विश्वेश कृष्णमूर्ती घसा खरवडून गर्जतो, आणि त्याच दमात सरळ सुरात येतो. आधीच्या रागावर आपणच शेरा मारल्यासारखा. गिटारी धावत असतात, मधेच ठोका आडवा पडतो, सगळं थबकतं. हार्डकोरमध्ये अशा जागी जडशीळ ‘ब्रेकडाउन’ कोसळतो, तो इथेही कोसळतोच. फक्त त्याआधीची पोकळी कसलेल्या विनोदी नटाने टाळीसाठी राखावी तशी राखलेली असते. राग मात्र लटका नाही. पावभाजीवर प्रेम जाहीर करणारं त्यांचं गाणं ऐका: विषय खाऊगल्लीचा, आवाज दंगलीचा. दोन्हीपैकी एकही माघार घेत नाही.

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाताना आरे-वारेच्या चढावर दोन्ही पुळणी एकदम नजरेत येतात. त्या वळणांवर मी स्क्राइबचं ‘दम है तो आगे आ’ लावतो आणि दरवेळी जाखडी आठवते. या पट्ट्यात गणपतीत पायांत चाळ बांधून पोरं फेर धरतात, मधे शाहीर आणि ढोलकी. सामना शक्ती आणि तुरा या दोन पक्षांचा असला की गण, गौळण उरकून खरी रंगत येते ती सवाल-जवाबात. प्रतिपक्षाच्या शाहिराला भर मांडवात डिवचायचं, त्याच्या ज्ञानाची, गळ्याची उलटतपासणी घ्यायची. तीही हसवत, तालात. चाकरमान्यांनी हेच सामने परळच्या दामोदर नाट्यगृहातही रंगवले. त्याच शहरातल्या या बँडने ते पाहिले असतील, असं मला मुळीच सुचवायचं नाही. पण आव्हान आणि चेष्टा एकाच श्वासात घेण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे, म्हणून कोकणातल्या कानाला स्क्राइब वाटतो तेवढा परका नाही.

उणंही आहे. ज्याने ‘अंदाज अपना अपना’ पाहिला नाही, त्याच्या हाती निम्मी गंमत लागत नाही. २०१४च्या ‘हेल मोगॅम्बो’मध्ये ‘मिस्टर इंडिया’च्या खलनायकाचा जयजयकार करतानाही तीच अडचण. त्याहून मोठी उणीव म्हणजे शक्तीवाल्यासमोर तुरेवाला उभा असतो. स्क्राइबच्या आव्हानाला समोरून जवाबाची बारीच नाही. प्रेक्षक एकमेकांवर आदळून जवाब देतात म्हणा, पण तो यमकात नसतो.