देवस्मितेची फिर्याद

व्यापारी पेठेत ‘पत’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. पेढीवर त्याचा अर्थ उधारीचा विश्वास. घराच्या उंबरठ्यावर त्याचाच अर्थ अब्रू. दुकानाचा मालक पुरुष असला म्हणजे हे दोन अर्थ सहसा एकमेकांच्या वाटेस जात नाहीत. त्याच्या वर्तनाविषयी गाव काहीही बोलो, हुंडी वेळेवर सकारली गेली की घाऊक व्यापारी त्यास माल देतो. दुकान स्त्रीच्या हाती आले की मात्र दोन्ही अर्थांची गाठ पडते, आणि एकावर घाव घातला तर दुसरा आपोआप तुटतो. वावड्या उठविणाऱ्यास हे पक्के ठाऊक असते. त्याचे बोलणे स्त्रीच्या शीलाविषयी असते; डोळा तिच्या किल्ल्यांवर असतो.

काही वर्षांपूर्वी सीमेलगतच्या एका बाजारपेठेच्या गावाहून एक बाई आमच्याकडे सल्ल्यासाठी आल्या. पतीच्या मागे कापडाचे जुने दुकान त्यांनी सांभाळले होते. रोजकीर्द स्वतः लिहीत. आरतीनंतर देवळाच्या सभामंडपात दोन गोष्टी कुजबुजल्या जाऊ लागल्या होत्या. दुकान बुडीत निघाले आहे, ही पहिली. दुसरी दिवाणजीविषयी होती आणि ती सांगताना बाईंनी मान खाली घातली. माल देणारे रोख मागू लागले होते. अब्रूनुकसानीची फिर्याद करता येईल, असे आम्ही म्हणालो. त्यावर त्या म्हणाल्या, “वकीलसाहेब, फिर्यादीत ते काय बोलले हे लिहावे लागेल ना? म्हणजे आज जे चार माणसे कुजबुजतात, ते उद्या मीच भर कोर्टात मोठ्याने वाचून दाखवायचे!” या बोलण्यास आमच्या कायद्याच्या पुस्तकांत उत्तर नव्हते. त्या रात्री आम्हांस आठवण झाली ती ‘कथासरित्सागरा’तील देवस्मितेची.

अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने अनंतराजाची राणी सूर्यमती हिच्या मनोरंजनार्थ हा प्रचंड कथासंग्रह रचला. त्यात उदयनाबरोबर निघालेल्या वासवदत्तेस वसंतक देवस्मितेची कथा सांगतो. म्हणजे कथा ऐकणारी आत एक राणी आणि बाहेर दुसरी. ताम्रलिप्तीचा वणिक्पुत्र गुहसेन यास व्यापारासाठी कटाहद्वीपास जावयाचे आहे. पतीचे मन दूरदेशी अन्यत्र जडेल, ही भीती देवस्मितेस वाटते. दोघेही देवालयात उपोषित राहतात. शंकर स्वप्नात येऊन प्रत्येकास एकेक तांबडे कमळ देतो. एकाचे पाऊल घसरले तर दुसऱ्याच्या हातातील कमळ कोमेजेल, असा त्याचा संकेत. कटाहात चार तरुण व्यापारी गुहसेनास मद्य पाजून त्या कमळाचे रहस्य काढून घेतात आणि त्याच्या पत्नीस भ्रष्ट करण्याचा विडा उचलून ताम्रलिप्तीस येतात. योगकरंडिका नावाची एक परिव्राजिका त्यांची दूती होते. ती देवस्मितेच्या दारच्या कुत्रीस मिरे घातलेले मांस चारून तिच्या डोळ्यांतून पाणी काढते आणि ही पूर्वजन्मीची, फाजील पातिव्रत्यामुळे या योनीत आलेली माझी सवत, असे सांगते. देवस्मिता सारे ओळखते आणि वरकरणी मान डोलावते. तिच्या वेषातील दासी एकेका तरुणास धोतऱ्याचे मद्य पाजतात, बेशुद्धीत त्याच्या कपाळी कुत्र्याच्या पावलाचा लोखंडी डाग देतात आणि त्यास घाणीच्या खड्ड्यात टाकून देतात.

ही कथा बहुधा चातुर्याची कथा म्हणून सांगितली जाते. आमच्या मते तीत कायद्याचा एक सूक्ष्म विचार आहे, आणि तो त्या कुत्र्याच्या पावलात आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात महापातक्यांच्या अंगावर डागावयाच्या खुणा सांगितल्या आहेत. त्यांत श्वपदाची खूण चोराची आहे. देवस्मितेच्या घरातून त्या चौघांनी एक कवडीही नेली नव्हती. मग ते चोर कसे? आमचे उत्तर असे की, त्यांना न्यावयाची होती ती वस्तू कपाटात ठेवण्याजोगी नव्हती. पती परदेशी असलेल्या व्यापारी घरात कुटुंबाची पत त्या एका स्त्रीच्या नावावर जमा असते. ती लुबाडू पाहणाऱ्यास तिने चोराचीच खूण दिली.

यानंतरचा तपशील आम्हांस सर्वांत मार्मिक वाटतो. पहिला तरुण शुद्धीवर येऊन परततो, तेव्हा झाली गोष्ट तो मित्रांस सांगत नाही. वाटेत चोरांनी लुटले, असे म्हणतो आणि रात्रीच्या जागरणाने डोके दुखते, या सबबीवर कपाळास पट्टी बांधतो. इतरांचीही आपल्यासारखीच गत व्हावी, एवढीच त्याची इच्छा. दुसरा तसाच, तिसरा तसाच, चौथाही तसाच. कुजबुजीची प्रकृती सोमदेवाने येथे बरोबर ओळखली आहे. एकेकट्या माणसास सत्य माहीत असते. चौघे एकत्र आले म्हणजे ते बोलत नाहीत. खोटे बोलावयास तोंडे पुष्कळ, आणि खरे बोलावयाची वेळ आली की प्रत्येकाच्या कपाळास पट्टी!

देवस्मिता तेथेच थांबली असती तर ही एक साधी फजितीची कथा झाली असती. पण तिच्या मनात शंका येते की, हे चौघे परत जाऊन सूडाने पतीच्या जिवास अपाय करतील. सोमदेव प्राणांच्या भयापुरताच बोलतो. आम्ही त्यात एवढीच भर घालू की, अपाय करण्यास शस्त्रच लागते असे नाही. समुद्रापलीकडच्या माणसाशी चौघांनी एकमुखाने बोललेले चार शब्द पुरतात. म्हणून ती व्यापाऱ्याचा वेष घेऊन, दासींसह गलबतात बसून कटाहास जाते आणि राजापुढे फिर्याद करते : माझे चार दास पळून येथे आले आहेत. नगरवासी जमतात. ती पट्टीवाल्या चौघांकडे बोट दाखविते. सभेतले व्यापारी संतापतात; ही तर थोरामोठ्यांची मुले, दास कशी असतील? ती म्हणते, कपाळे पाहा. पट्ट्या सुटतात आणि मग ती सारी हकीकत सांगते. अखेर त्याच व्यापाऱ्यांना पुष्कळ द्रव्य मोजून त्या मुलांस सोडवावे लागते, आणि राजास दंड भरावा लागतो तो वेगळाच.

या सभेत दोन गोष्टी घडतात. आमच्याकडे आलेल्या बाईंची जी अडचण होती, ती देवस्मिता उलटी करते. निंदा काय होती, हे तीस वाचून दाखवावे लागत नाही. निंदकांच्या कपाळी ते लिहिलेले असते आणि वाचण्याचे काम सभेस करावे लागते. दुसरी गोष्ट अशी की, कुलीनतेच्या भरवशावर ज्यांनी त्या मुलांची बाजू घेतली, त्यांच्याच थैलीतून भरपाई होते. निंदकाचा जामीन राहणाऱ्याने दंडही भरावा, हा न्याय आजच्या कोणत्याही कायद्यात नाही. असता तर पुष्कळ सभामंडपांत शांतता नांदली असती.

तथापि कथेचे दोष झाकणे हे टीकाकाराचे काम नव्हे. देवस्मिता न्यायसभेत शिरते ती खोट्या दाव्याने. चौघे तिचे दास नव्हते. शिक्षा आधी आणि चौकशी मागाहून, हा क्रमही आम्हांस मान्य होण्यासारखा नाही. परिव्राजिकेचे आणि तिच्या शिष्येचे नाक-कान कापले जातात, आणि ज्यांनी तिला कामास लावले ते श्रीमंत तरुण पैशावर सुटतात. हा भेद सोमदेवास खटकलेला दिसत नाही. सर्वांत मोठी उणीव कमळाची आहे. शंकराने दिलेला तो साक्षीदार हाती असल्याने गुहसेनास संशयच पडत नाही, आणि म्हणून कथेतील खरी कसोटी टळते. कमळ नसते तर? सभेत सर्व सिद्ध करूनही पतीने विचारले असते की, दासीच होत्या कशावरून? शिवाय इतके धैर्य आणि व्यवहारज्ञान असलेली ही स्त्री अखेरीस पतीबरोबर घरी परतते, आणि व्यापाऱ्याचा वेष पेटीत जातो. तो वेष तिने चालू ठेवला असता तर काय झाले असते, हे सांगण्याचे धाडस कथेत नाही.

ते इतिहासात सापडते. सर जॉन माल्कमने 1823 साली प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानाविषयीच्या ग्रंथात इंदूरच्या देवीचंद नावाच्या धनाढ्य सावकाराची हकीकत दिली आहे. तो निपुत्रिक वारला. तुकोजी होळकरांचा तळ तेव्हा इंदूरजवळ होता. काही मतलबी लोकांच्या सांगण्यावरून त्यांनी त्या संपत्तीत वाटा मागितला. सावकाराची विधवा तडक महेश्वरास अहिल्याबाईंकडे गेली. बाईंनी तिचे म्हणणे ऐकले, पतीच्या घराची व मालमत्तेची धनीण म्हणून तीस मानाचा पोशाख दिला आणि तुकोजींना इंदूरपासून दूर कूच करण्याचा हुकूम पाठविला. तुकोजींनी तो पाळला. त्या मतलबी लोकांनी तुकोजींच्या कानी नेमके काय घातले, हे माल्कम लिहीत नाही. विधवेचे नावही देत नाही. पण तिच्याजवळ कमळ नव्हते आणि तप्त लोखंडही नव्हते. तिने काही सिद्ध केल्याचाही उल्लेख नाही. तिचा हक्क उघडपणे जाहीर झाला, आणि तेवढ्याने फौज हलली.

आमच्या मते या दोन हकीकती शेजारी ठेवल्या म्हणजे मर्म कळते. हक्क जेथे संदिग्ध असतो तेथे कुजबुजीस पीक येते. आपल्या कायद्याने ही संदिग्धता फार काळ बाळगली. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने स्त्रीची मालमत्ता पूर्णत्वाने तिची झाली. तरी 1965 साली, होळकर संस्थानात उभ्या राहिलेल्या एका साखर कारखान्याच्या प्राप्तिकराच्या खटल्यात, विधवा ही सहदायाद नसल्याने एकत्र कुटुंबाची कर्ती होऊ शकत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. 2005 च्या दुरुस्तीने मुलगी सहदायाद झाली आणि डिसेंबर 2015 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ज्येष्ठ कन्येचा कर्तेपणा मान्य केला. सासरच्या पेढीवर बसलेल्या विधवा सुनेचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही. बदनामीचा कायदा पूर्वी भारतीय दंडसंहितेच्या 499 व्या कलमात होता. 1 जुलै 2024 पासून तो भारतीय न्याय संहितेच्या 356 व्या कलमात आहे. चारित्र्याबरोबर माणसाच्या पतीस, म्हणजे बाजारातील विश्वासास, लागणारा धक्काही त्याच्या कक्षेत येतो. कायद्याने दोन्ही अर्थ ओळखले आहेत. तथापि फिर्याद वाचून दाखविण्याची जबाबदारी अजून फिर्यादी स्त्रीवरच आहे.

त्या बाईंनी फिर्याद केली नाही. गावच्या देवस्थानच्या मंडळींस सांगून त्यांनी माल देणाऱ्या व्यापाऱ्यांना त्याच सभामंडपात बोलाविले, खतावण्या समोर ठेवल्या आणि म्हटले, “ज्याचे देणे थकले असेल त्याने आत्ताच सांगावे.” कोणी बोलले नाही. उधारी पुन्हा सुरू झाली. पहिली अफवा अशी मेली. दुसरीची खतावणी नसते. ती कोणासमोर उघडून दाखविणार? ती आजही त्या गावात असेल.

न्यायालयात ऐकीव गोष्ट सहसा पुरावा म्हणून चालत नाही. साक्षीदार ‘असे म्हणतात’ म्हणू लागला की न्यायाधीश त्यास थांबवितो आणि विचारतो, तुम्ही स्वतः काय पाहिलेत? देवळाच्या मंडपात हा प्रश्न विचारणारे कोणी नसते, आणि जो विचारीत नाही तो त्या चार तरुणांचा पाचवा सोबती होतो. अहिल्याबाईंसारखे न्यायासन प्रत्येक गावास लाभत नाही. एवढा एक प्रश्न मात्र आपणांपैकी कोणासही विचारता येईल.