न्याय ‘मिळणे’ आणि न्याय ‘करणे’ : ‘डोंबिवली फास्ट’चा विचार

कायदा हाती घेणाऱ्या नायकाच्या चित्रपटांचा विचार करताना मराठीतील दोन वाक्यरचना लक्षात घेण्यासारख्या आहेत. ‘त्याला न्याय मिळाला’ ह्या वाक्यात नागरिक चतुर्थीत असतो. न्याय देणारा कोण, हे सांगण्याची वाक्याला गरज भासत नाही. ‘त्याने न्याय केला’ ह्या वाक्यात तोच मनुष्य तृतीयेत येऊन कर्ता होतो. ह्या जातीच्या चित्रपटांचे कथानक म्हणजे पहिल्या वाक्याकडून दुसऱ्याकडे जाण्याचा प्रवास होय.

तो घडविण्यासाठी एखाद्या घोर अत्याचाराचे निमित्त सामान्यतः योजले जाते. एन. चंद्रा ह्यांच्या ‘अंकुश’मध्ये (१९८६) बलात्कारित स्त्रीसाठी चार बेकार तरुण सूड घेतात, आणि मूळ अन्यायाच्या आधारे पुढील हिंसेला प्रेक्षकाची संमती मिळविली जाते. निशिकांत कामत दिग्दर्शित ‘डोंबिवली फास्ट’ने (२००५) हा आधारच नाकारला आहे. माधव आपटे हा लोकलने कामावर जाणारा बँकेतील नोकर. शीतपेयाला छापील किमतीहून अधिक पैसे मागितले जातात, आणि त्याच्या हाती क्रिकेटची बॅट येते. जोएल शुमाकरच्या ‘फॉलिंग डाउन’मध्येही (१९९३) शीतपेयाच्या किमतीवरून असाच कलह होतो, परंतु तेथील नायकाला घरी पोहोचावयाचे आहे, आपट्याला नियम पाळला गेलेला पाहावयाचा आहे. अपराध आणि शिक्षा ह्यांतील प्रमाण सुटणे हाच ह्या चित्रपटाचा खरा विषय होय.

पुणे–लोणावळा लोकलने आकुर्डीस उतरणाऱ्या नोकरदार प्रेक्षकासही आपट्याचा संताप आपला वाटेल. चित्रपटाचे बळ ह्या आपलेपणात आहे, तसाच त्यातील धोकाही. पोलीस अधिकारी अनासपुरे ह्याच्या मनात आपट्याविषयी सहानुभूती दाखवून दिग्दर्शकाने कायद्याच्या प्रतिनिधीकडूनच नायकाला प्रशस्तिपत्र देवविले आहे; हे वैगुण्य म्हणावे लागेल.

हे प्रशस्तिपत्र किती स्वस्त आहे, हे नागपूरच्या घटनेशी तुलना केल्यास कळते. १३ ऑगस्ट २००४ रोजी तेथील न्यायालयातच अक्कू यादव ह्या गुंडाला जमावाने ठार मारले. कस्तुरबानगर ह्या दलितबहुल वस्तीतील स्त्रियांनी त्याची जबाबदारी सामुदायिकपणे स्वीकारली. २०१४ साली आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. ह्याच घटनेवर सार्थक दासगुप्ता ह्यांचा ‘२०० हल्ला हो’ (२०२१) आधारलेला आहे. तेथे कर्ता अनेकवचनी आहे. आणि त्यामागे वर्षानुवर्षांची दहशत व न ऐकल्या गेलेल्या तक्रारी आहेत. चतुर्थीतले वाक्य त्या वस्तीच्या वाट्याला आलेच नव्हते. आपट्याला ते वाक्य आपल्यासाठीच आहे असे लहानपणापासून शिकविले गेले होते. त्याचा क्रोध हा त्या शिकवणुकीच्या भंगाचा क्रोध आहे. दोन्ही कृतींना ‘जनतेचा न्याय’ ह्या एकाच नावाने गौरविणे म्हणजे समीक्षेने आपले काम टाळणे होय.

न्याय करावयाचा तर दोन्ही बाजू ऐकाव्या लागतात. आपटे कोणाचेही ऐकत नाही. म्हणून ‘त्याने न्याय केला’ हे वाक्य त्याच्यापुरते सिद्ध होत नाही. ‘त्याने शिक्षा केली’ एवढेच सिद्ध होते. अखेर तो पोलिसांच्या हातून मरतो, तेव्हा त्याचेही कोणी ऐकलेले नसते.