सशाची शब्दगाडी

लहान मुलांसाठी 'शैक्षणिक' म्हणून जे जे विकले जाते, त्याकडे शिक्षकाने थोडे संशयानेच पाहावे. कडू गोळीला साखरेचा लेप दिला म्हणजे ती मिठाई होत नाही. संगणकावरील आरंभीच्या बालखेळांचे मूल्यमापन याच कसोटीवर व्हावे, असे मला वाटते.

उदाहरण म्हणून अमेरिकेतील दोन खेळ घेऊ. पहिला १९८३ चा 'मॅथ ब्लास्टर'. तो जॅन डेव्हिडसन या शिक्षिकेने आणला. बेरीज-वजाबाकीचे उदाहरण सोडवायचे आणि अचूक उत्तरावर तोफ डागायची. मुलांना तो अतिशय आवडला. पण तोफेचा आणि बेरजेचा संबंध काय? तीच तोफ देशांच्या राजधान्यांवरही डागता येईल. इथे खेळ हे बक्षीस आहे आणि गणित ही त्याची किंमत.

दुसरा खेळ त्याच दशकातला 'रीडर रॅबिट'. १९८० साली स्थापन झालेल्या 'द लर्निंग कंपनी'चा हा खेळ लेस्ली ग्रिम यांनी रचला. यात तीन अक्षरी इंग्रजी शब्दांचा कारखाना आहे. ठरावीक जागी ठरावीक अक्षर असलेले शब्द निवडायचे, चित्रांना नावे जुळवायची आणि शेवटी आगगाडी भरायची. प्रत्येक नवा शब्द आधीच्या शब्दापेक्षा एकाच अक्षराने वेगळा हवा. इथे गाडीचा नियम हाच धडा आहे. धडा काढून घेतला तर खेळच उरत नाही. माझ्या मते खऱ्या शैक्षणिक खेळाची खूण हीच.

दोष नाहीत असे नाही. त्या काळच्या घरगुती संगणकाला धड बोलता येत नसे. मूल अक्षरे पाही, उच्चार मात्र शेजारी बसलेल्या आईने किंवा बाईंनी करावा लागे. पुढच्या आवृत्त्यांना वाचा फुटली. ती सोय झाली खरी, पण आईची खुर्ची रिकामी झाली. हा नफा की तोटा, हे वाचकांनी ठरवावे.

आता आपल्या अंगणाकडे वळू. माझी नात इंग्रजी शाळेत जाते. हा जुना खेळ तिला दाखवला तेव्हा तिने गाडी पटापट भरली आणि विचारले, "आजोबा, आपली गाडी नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हते. घरात मराठी बोलणारी ही मुलगी मराठी पाटी अडखळत वाचते, हे मी कबूल करतो.

त्या खेळाचे नुसते भाषांतर करून भागणार नाही. इंग्रजीत स्वर स्वतंत्र डब्यात बसतो. आपल्याकडे तो काना-मात्रा होऊन व्यंजनाला बिलगतो. आपली गाडी आपल्या अक्षरांचीच हवी. त्या संध्याकाळी आम्ही काडेपेट्यांवर कागद चिकटवले : नगर, मगर, मकर. मग दुसऱ्या बाजूला कानडी अक्षरे लिहिली. 'नगर' आणि 'मकर' हे डबे त्या रुळांवरही तसेच धावले. 'मगर' मात्र स्थानकावरच राहिली, कारण कानडीत तिचे नाव 'मोसळे'. नात पोट धरून हसली. दोन भाषांत काय सामाईक आणि काय वेगळे, हे तिला कोणी न सांगता कळले.

ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे जे काम आरंभले, त्यात भोवतालच्या साध्या वस्तूंनाच साधन मानले होते. तेव्हा यंत्र नाही म्हणून अडून बसण्याचे कारण नाही. सीमाभागात भाषेवरून आपण पुष्कळ भांडलो. पण आपल्या मुलांसाठी खेळ किती रचले? दिवाळीची सुट्टी आहे, घरात रिकाम्या काडेपेट्याही असतील. एक गाडी तेवढी जोडून पाहा.