खाणीचा लाभ आणि नियमगिरीचा नकार

खनिजाच्या उत्पन्नातून आदिवासी समाजास किती वाटा मिळावा, या प्रश्नाची चर्चा बहुधा टक्केवारीपासून सुरू होते व टक्केवारीपाशीच संपते. या पद्धतीची उणीव ओडिशातील नियमगिरीच्या प्रकरणात जितकी उघडी पडते तितकी अन्यत्र क्वचितच पडली असेल. तेथे वाट्याचा आकडा २००८ साली ठरला. ज्यांच्या नावे तो ठरला त्यांचे मत २०१३ साली विचारण्यात आले. या उलट्या क्रमाची चिकित्सा हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

रायगडा व कालाहांडी जिल्ह्यांत पसरलेली ही डोंगररांग म्हणजे डोंगरिया कोंधांचे वसतिस्थान आणि त्यांच्या नियम राजाचे अधिष्ठान. माथ्यावर बॉक्साइटचा थर, आणि पायथ्याशी लांजिगड येथे वेदान्त उद्योगसमूहाचा ॲल्युमिना कारखाना. खाणीस परवानगी मिळण्यापूर्वीच तो उभा राहिला होता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ८ ऑगस्ट २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच समूहातील स्टरलाइट कंपनीच्या प्रस्तावास वनजमिनीच्या वापरापुरती मान्यता दिली. राज्य सरकार, ओडिशा मायनिंग कॉर्पोरेशन व कंपनी यांनी मिळून एक संस्था स्थापावी आणि लांजिगड प्रकल्पाच्या करपूर्व नफ्याचे ५ टक्के किंवा वर्षाला १० कोटी रुपये, यांपैकी अधिक असेल ती रक्कम तिच्या स्वाधीन करावी, अशी अट त्या मान्यतेस जोडलेली होती. आदिवासी विकासासाठी १२.२० कोटी रुपये निराळे.

न्यायालयाच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्या भागातील पराकोटीच्या दारिद्र्याकडे २००७ च्या आदेशातच त्याने लक्ष वेधले होते. परंतु संस्थेचे घटक तीन, आणि त्या तिघांत डोंगरावरचा कोणीही नाही. ज्याच्या हितासाठी निधी निर्माण होतो तो निधीच्या रचनेत केवळ लाभार्थी म्हणून येतो, वाटेकरी म्हणून नव्हे. मराठीत हे दोन शब्द सहसा एकमेकांच्या जागी वापरले जात नाहीत. वाटेकऱ्याला वाटणीच्या वेळी हजर राहण्याचा आणि वाटणीच मोडण्याचा हक्क असतो. लाभार्थ्याचे नाव यादीत असते, एवढेच.

पुढे २०१० साली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अंतिम वनमंजुरी नाकारली व वाद पुन्हा न्यायालयात गेला. १८ एप्रिल २०१३ च्या निकालाने २००६ च्या वनहक्क कायद्याच्या आधारे निर्णयाचा मार्ग ग्रामसभांतून नेला. राज्य सरकारने निवडलेल्या बारा गावांत, जिल्हा न्यायाधीशांच्या देखरेखीखाली, जुलै-ऑगस्ट २०१३ मध्ये पल्लीसभा भरल्या. बाराही सभांनी नकार दिला. तो नकार रकमेला नव्हता. पाच टक्क्यांऐवजी दहा द्या, असा ठराव कोणत्याही सभेने केला नाही. म्हणजे पाच वर्षे जो हिशेब न्याय्य म्हणून चालत होता, तो विचारलाच न गेलेल्या प्रश्नाच्या उत्तरावर आधारलेला होता.

तथापि या निकालाचीही एक मर्यादा आहे. नियम राजाच्या उपासनेस बाध येतो काय, या मुद्द्याला त्याने विशेष वजन दिले. ज्या समाजाचा डोंगर देवाचा नाही, केवळ शेताचा आणि गुरांचा आहे, त्याने नकाराचा आधार कशात शोधावयाचा?

नकारामुळे लोक दरिद्रीच राहतात, हा आक्षेप वारंवार घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. डोंगरावर शाळा व दवाखाने यांची वाण आहे. पण त्यातील गृहीत तपासले पाहिजे. १९९७ च्या समता निकालाने, अनुसूचित क्षेत्रात खाणपट्ट्यांवर जेथे संपूर्ण बंदी नाही तेथे, निव्वळ नफ्याचा किमान २० टक्के भाग राखून ठेवावा असे सांगितले, तो पाणी, शाळा, रुग्णालये, स्वच्छता व रस्ते यांसाठी. या सर्व गोष्टी नागरिकास खाण असो वा नसो मिळावयाच्या आहेत. त्यांनाच खाणीचा लाभ म्हटले की नकार देणारा गावच आपल्या मुलांच्या शाळेचा शत्रू ठरतो. त्याच निकालातील मूळ सिद्धान्त, म्हणजे आंध्रच्या अनुसूचित क्षेत्रातील जमीन सरकारनेही बिगर-आदिवासीस देता कामा नये हा, पुढील चर्चेत मागे पडला आणि २० हा आकडा तेवढा लक्षात राहिला, हे सूचक आहे.

जेथे मालकी आधी ठरली तेथे वाट्याचे रूप कसे पालटते, हे अलास्कातील रेड डॉग या जस्ताच्या खाणीवरून दिसते. १९७१ च्या कायद्याने निर्माण झालेले नाना हे इनुपिआक लोकांचे मंडळ तेथील भूमीचे मालक. त्याने १९८२ साली कोमिन्को कंपनीशी करार केला. भांडवल वसूल झाल्यावर २००७ पासून त्यास निव्वळ उत्पन्नाचे २५ टक्के मिळू लागले, आणि हा दर पाच पाच वर्षांनी ५ टक्क्यांनी वाढत ५० पर्यंत जावयाचा आहे. मात्र मालकीने सारे मिटते असेही नाही. नदीच्या खालच्या अंगास असलेल्या किवलिनाच्या रहिवाशांनी २००४ साली खाणीच्या सांडपाण्याविरुद्ध खटला भरला होता.

भारतात २०१५ च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली. गडचिरोलीतील सुरजागडच्या लोहखनिजासही हीच व्यवस्था लागू आहे. प्रतिष्ठानाचा निधी नफ्यावर नव्हे, स्वामित्वधनावर मोजला जातो : जुन्या पट्ट्यांस त्याच्या ३० टक्के, लिलावाने दिलेल्यांस १० टक्के. त्या निधीतून चालणाऱ्या प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेत अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेची मान्यता आवश्यक मानली आहे. ती मान्यता खर्चाच्या आराखड्यास आणि लाभार्थ्यांच्या निवडीस आहे. खाण हवी की नको, हा प्रश्न त्या योजनेच्या कक्षेत येत नाही.