अनुमत मतभेद आणि निराधार मतभेद : बारामती-इंदापूरच्या निवडणुकांच्या निमित्ताने

राजकीय आत्मचरित्र हा मराठी गद्याचा एक समृद्ध प्रकार होय. त्याची समीक्षा मात्र बहुधा दोनच वाटांनी झालेली आढळते. एक तर त्यातील घटनांची सत्यासत्यता पारखली जाते, किंवा लेखकाचे व्यक्तिमत्त्व त्यातून कितपत प्रकट झाले आहे याचा विचार होतो. तिसरा एक प्रश्न क्वचितच विचारला जातो. या कथनात मतभेदाला कोणते स्थान आहे, आणि ज्या मतभेदाला ते स्थान लाभले आहे तो कोणत्या प्रकारचा आहे? निवडणुकीच्या काळात आपल्या माणसांना न रुचणारे मत उघडपणे मांडणे ही लोकशाहीतील एक अवघड कृती आहे. तिची नोंद आपले वाङ्मय कशी घेते आणि कोठे ती घेऊ शकत नाही, हे बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांच्या आधारे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. कोणत्याही पक्षाच्या बाजूने वा विरुद्ध निवाडा देणे हे त्याचे प्रयोजन नव्हे.

प्रारंभ एका सुपरिचित प्रसंगापासून करणे सोयीचे होईल. श्री. शरद पवार यांच्या ‘लोक माझे सांगाती’ (२०१५) या राजकीय आत्मकथेत १९६० सालच्या बारामती लोकसभा पोटनिवडणुकीची हकीकत येते. शेतकरी कामगार पक्षाच्या संस्थापकांपैकी एक असूनही पुढे काँग्रेसमध्ये परतलेले केशवराव जेधे १९५७ साली बारामतीतून लोकसभेवर निवडून आले होते. नोव्हेंबर १९५९ मध्ये त्यांचे निधन झाले. रिकाम्या झालेल्या जागेसाठी काँग्रेसने त्यांचे पुत्र गुलाबराव जेधे यांना उभे केले, आणि त्यांच्याविरुद्ध शेतकरी कामगार पक्षातर्फे उभे राहिले ते वसंतराव पवार, म्हणजे लेखकाचे ज्येष्ठ बंधू. पवारांचे घर शेतकरी कामगार पक्षाच्या विचारांचे होते. मातोश्री शारदाबाई १९३० च्या दशकातच पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून गेल्या होत्या आणि राजकारण हा त्या घरातील नित्याचा विषय होता. अशा घरात एकोणीस वर्षांचा धाकटा भाऊ काँग्रेसचा कार्यकर्ता झाला होता. भावाविरुद्ध प्रचार करावा की करू नये, हा पेच त्याच्यापुढे पडला. तो पेच वसंतरावांनीच सोडविला. तुझी निष्ठा ज्या विचाराशी आहे त्याचे काम तू निःसंकोच कर, अशा आशयाचे त्यांनी त्यास सांगितले. धाकट्या भावाने गुलाबरावांचा प्रचार केला आणि गुलाबराव निवडून आले.

हा प्रसंग वाचकास मोह घालतो, आणि तो मोह अकारण नाही. मतभेद आणि मायेचा ओलावा एकाच घरात नांदू शकतात, हे त्यातून सहज प्रत्ययास येते. थोरल्या भावाचे औदार्य कोठेही अलंकृत केलेले नाही, आणि आत्मचरित्रात सहसा न आढळणारा हा संयम त्याचे खरे बळ आहे. तथापि या प्रसंगाकडे मतस्वातंत्र्याचा आदर्श म्हणून बोट दाखविले जाते, तेव्हा समीक्षकाने थोडे थांबावयास हवे. या मतभेदाला तीन आधार आहेत. पहिला आधार अनुमतीचा. येथे मत मांडण्यापूर्वी वडीलधाऱ्याची मोकळीक मिळालेली आहे. दुसरा आधार बाहेरच्या बळाचा. हे मत घरात अप्रिय असले तरी घराबाहेर ते सत्तारूढ पक्षाचे, यशवंतराव चव्हाणांच्या नेतृत्वाखालील काँग्रेसचे मत होते. उंबऱ्याच्या आत एकाकी असलेला तरुण उंबऱ्याबाहेर पडताच बलवानांच्या पंक्तीत बसत होता. तिसरा आधार काळाचा. ही हकीकत पंचावन्न वर्षांनंतर, प्रदीर्घ यशस्वी कारकिर्दीच्या अखेरच्या टप्प्यावरून सांगितली जात आहे. ज्याचे मत पुढे फळास आले त्याच्या मतभेदाला धैर्याचे नाव आपोआपच मिळते.

असे आधार ज्यास आहेत त्या मतभेदाला आपण ‘अनुमत मतभेद’ म्हणू. ज्यास यांपैकी एकही नाही तो ‘निराधार मतभेद’. पहिल्यात धैर्य नसते, असे येथे सुचवावयाचे नाही. भावाविरुद्ध व्यासपीठावर उभे राहणे कोणत्याही काळी सोपे नव्हते. परंतु एका प्रकारावरून दुसऱ्याविषयी अनुमान काढणे ही तर्कदृष्ट्या चूक आहे, आणि आपल्या राजकीय वाङ्मयाच्या वाचनात ती वारंवार होते.

निराधार मतभेद म्हणजे काय, हे समजण्यासाठी या दोन तालुक्यांचे अर्थकारण ध्यानी घेणे आवश्यक आहे. १८८५ साली सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्याने येथील कोरडवाहू जमिनीचे रूप पालटले. त्यामागून ऊस आला आणि उसामागून सहकारी साखर कारखाने आले. बारामती तालुक्यात माळेगाव व सोमेश्वर, आणि इंदापूर तालुक्यात भवानीनगरचा छत्रपती, कर्मयोगी व नीरा-भीमा असे कारखाने उभे राहिले. सभासदाने लागणीची नोंद कारखान्याकडे करावयाची, कारखान्याच्या शेतकी विभागाने तोडीचा क्रम लावावयाचा आणि टोळी पाठवावयाची, अशी ही रीत आहे. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. तोड लांबली की त्यास तुरा येतो, वजन घटते, आणि पुढच्या पिकाचा हंगामही मागे पडतो. कालव्याच्या पाण्याचेही तसेच आहे. पाळी चार दिवस चुकली तर शेवटच्या टोकाच्या गावांत त्याचा अर्थ काय होतो, हे तेथील कोणीही सांगेल. कारखान्याचे संचालक, बँकेचे संचालक आणि तालुक्याचे पुढारी हे पुष्कळदा एकाच वर्तुळातील असतात. मत पाहून तोड दिली वा अडविली जाते, असा आरोप येथे करावयाचा नाही. तो करण्याची गरजही नाही. तसे होऊ शकेल एवढी शंका शेतकऱ्याच्या मनात असली तरी ती त्याच्या जिभेवर पुरेसा भार टाकते.

एप्रिल २०१४ मधील मासाळवाडीचे प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. बारामती तालुक्यातील या गावी प्रचारसभेत पाण्याची तक्रार निघाली. त्यावर, मते न मिळाल्यास गावाचे पाणी तोडण्याची धमकी देण्यात आली, असा आरोप राज्याच्या तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांवर झाला. त्यांनी तो नाकारला. आरोपाच्या खरेखोटेपणाचा निर्णय देणे हे समीक्षेचे काम नव्हे. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, त्या सभेत मतभेद प्रकटला तो सिद्धान्ताच्या वा घोषणेच्या रूपाने नव्हे, तर पाण्याविषयीच्या एका प्रश्नाच्या रूपाने.

याच प्रकरणातून दुसरा मुद्दा निघतो. मतदान गुप्त असताना एखाद्या गावाने कोणास मते दिली हे कळते कसे? लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ९४ प्रमाणे कोणत्याही मतदारास आपले मत सांगण्याची सक्ती करता येत नाही. मतपत्रिकांच्या काळात निरनिराळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मोजणीपूर्वी एकत्र मिसळण्याची तरतूद १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांत ५९-क या नियमान्वये होती. मतदानयंत्रे आल्यावर मोजणी यंत्रागणिक होऊ लागली आणि केंद्रनिहाय आकडे जाहीर होऊ लागले. व्यक्तीचे मत गुप्त राहिले, पण वाडीचे मत उघडे पडले. अनेक यंत्रांची बेरीज एकदम दाखविणारे ‘टोटलायझर’ वापरावे, असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ साली मांडला आणि विधी आयोगाने आपल्या २५५ व्या अहवालात (२०१५) त्यास दुजोरा दिला. तो अमलात आलेला नाही. एका केंद्रावर पाच-सहाशे मतदार असलेल्या वस्तीत विरोधी मते किती पडली हे निकालाच्या सायंकाळी सर्वांस ठाऊक होते, आणि ती कोणाची असावीत याचे तर्क रात्री पारावर चालतात.

अशा परिस्थितीत मत जाते कोठे? जर्मन अभ्यासिका एलिझाबेथ नोएल-नॉयमान यांनी १९७४ साली ‘मौनाचे वर्तुळ’ असा सिद्धान्त मांडला. आपले मत अल्पमतात आहे असे ज्यास वाटते तो एकाकी पडण्याच्या भयाने गप्प बसतो. त्याच्या मौनाने ते मत अधिकच दुर्बळ भासते आणि आणखी माणसे गप्प होतात, असा त्याचा सारांश. २०२४ सालच्या बारामती लोकसभा निवडणुकीत या सिद्धान्ताची एक बाजू ठळकपणे दिसली. पक्ष दुभंगला होता आणि श्रीमती सुप्रिया सुळे व श्रीमती सुनेत्रा पवार या नणंद-भावजया परस्परांविरुद्ध उभ्या होत्या. इंदापुरात श्री. दत्तात्रय भरणे व श्री. हर्षवर्धन पाटील हे एरवीचे प्रतिस्पर्धी त्या वेळी महायुतीच्या एकाच बाजूस होते. गावोगावच्या पदाधिकाऱ्यांकडे पाहणाऱ्यास तालुक्याचे मत ठरून गेले आहे असेच वाटले असते. प्रत्यक्षात इंदापूर व बारामती या दोन्ही विधानसभा क्षेत्रांत आघाडी मिळाली ती श्रीमती सुळे यांना, आणि त्या १,५८,३३३ मतांनी विजयी झाल्या. सहा महिन्यांनी झालेल्या विधानसभा निवडणुकीत त्याच बारामतीने श्री. अजित पवार यांना, पुतणे श्री. युगेंद्र पवार यांच्याविरुद्ध, लाखाहून अधिक मताधिक्य दिले. इंदापुरातही श्री. भरणे विजयी झाले. लोकप्रिय मत आणि अप्रिय मत अशी जी विभागणी आपण गृहीत धरतो ती व्यासपीठावर दिसणारी विभागणी असते. मतदाराच्या मनातील विभागणी तीहून निराळी असू शकते.

त्या वसंतात १९६० च्या प्रसंगाचे स्मरण पुष्कळांनी केले. पण या वेळी वडीलधाऱ्याची अनुमती नव्हती, आणि मतभेद घराच्या चौकटीत मावणारा नव्हता. मार्चमध्ये श्री. अजित पवारांचे बंधू श्री. श्रीनिवास पवार यांनी काटेवाडीत त्यांच्या भूमिकेविरुद्ध जाहीर मत मांडले. ते कुटुंबातील होते म्हणून त्याची बातमी झाली. त्याच काटेवाडीतील एखाद्या शेतमजुरास भावकीच्या मताविरुद्ध काही वाटले असल्यास त्याची नोंद कोणत्या पानावर शोधावी?

येथे एक आक्षेप संभवतो. बोलून न दाखविता मतपेटीतून मत व्यक्त झाले, तर बिघडले काय? याचे उत्तर असे की, मत म्हणजे केवळ निवड नव्हे. निवडीमागील कारणही त्याचा भाग आहे. यंत्राला निवड कळते, कारण कळत नाही. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ साली समाजाचा जुलूम हा राज्यसत्तेच्या जुलुमाइतकाच भयावह असल्याचे सांगितले, आणि १८६१ साली त्याच मिलने गुप्त मतदानाला विरोध केला. मतदान ही सार्वजनिक जबाबदारी असून ती लोकांच्या नजरेसमोर पार पाडली पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. गुप्ततेविषयीचा त्याचा निष्कर्ष आपणांस पटणारा नाही. पण कारणांची देवाणघेवाण थांबली की लोकमत आंधळे होते, ही त्यामागील चिंता मात्र खरी आहे. आगरकरांना अप्रिय मतापायी जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहावी लागली. परंतु त्यांच्या हाती ‘सुधारक’ हे पत्र होते. नीरेच्या काठच्या शेतकऱ्याजवळ पत्र नाही आणि अनुमती देणारा थोरला भाऊही नाही.

त्याच्याजवळ आहे ती भाषा, आणि येथे समीक्षेचे खरे काम सुरू होते. मत मागावयास आलेल्या पुढाऱ्यास या भागातला माणूस सहजपणे म्हणतो, ‘आम्ही काय तुमच्या शब्दाबाहेर आहोत?’ हे वाक्य नीट वाचावे. ऐकणाऱ्यास ते आश्वासन वाटते, पण व्याकरणदृष्ट्या तो प्रश्न आहे, विधान नव्हे. त्यात मताचा उल्लेख नाही, वचन नाही, नकारही नाही. ‘आम्ही’ या अनेकवचनात बोलणाऱ्याने स्वतःस लपविले आहे. हेच वाक्य सकाळी एका उमेदवारास आणि सायंकाळी दुसऱ्यास सांगता येते, आणि दोन्ही वेळी ते खोटे ठरत नाही. दुर्बळाने आपल्या मताभोवती घातलेले हे कुंपण आहे. त्यास ढोंग म्हणणे सोपे आहे. परंतु ज्यास स्पष्ट बोलण्याची किंमत उसात व पाण्यात मोजावी लागेल असे वाटते, त्याच्याकडून निराळ्या भाषेची अपेक्षा कोणत्या अधिकाराने करावयाची?

आपल्या समीक्षेची साधने विधानाच्या शोधात असतात. अग्रलेख, भाषण, आत्मचरित्र, ठराव हे तिचे नेहमीचे साहित्य होय. कादंबरीकडे वळावे तर ‘सिंहासन’सारखी (१९७७) समर्थ कृतीही आपले लक्ष प्रामुख्याने सत्तेच्या शिखरावरील डावपेचांकडे नेते. परिणामी अनुमत मतभेदाचे दफ्तर भरगच्च राहते आणि निराधार मतभेदाचे रिकामे, आणि रिकाम्या दफ्तरावरून तेथे मतभेद नव्हताच असा निष्कर्ष काढला जातो. २०२४ च्या दोन निकालांनी हा निष्कर्ष किती फसवा आहे ते दाखविले आहे.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना येथे संशोधनास वाव आहे. प्रचारसभांतून विचारले गेलेले प्रश्न, तक्रारींचे अर्ज, पारावरील म्हणी व टोमणे, उमेदवाराला दिली जाणारी गोलमाल उत्तरे, ही सारी सामग्री तालुक्या-तालुक्यांतून, बोलणाऱ्याचे नाव व गाव गुप्त राखून, संकलित करता येण्याजोगी आहे. नाव गुप्त राखण्याची ही अट केवळ सौजन्याची नाही. ज्या भयामुळे हे मत विधानरूप घेऊ शकले नाही, त्या भयाच्या तोंडी संशोधकाने माणसाला देऊ नये, इतका साधा तिचा अर्थ आहे.

वसंतराव पवारांनी धाकट्या भावास दिलेली मोकळीक वाचनीय आहे आणि अनुकरणीयही आहे. पण एखाद्या समाजाचे मतस्वातंत्र्य मोजावयाचे, ते वडीलधाऱ्यांच्या औदार्यावरून नव्हे. ज्याला कोणाची अनुमती मिळालेली नाही असा माणूस भर सभेत पाण्याविषयी प्रश्न विचारून खाली बसतो, आणि पुढच्या हंगामात त्याचा ऊस वेळेवर तोडला जाईल याविषयी त्याच्या मनात शंका उरत नाही, तेथे ते आहे असे म्हणावे.