‘अधिवास’ : एका लॅटिन क्रियापदाची दोन वनजिल्ह्यांतील अर्थांतरे

प्रस्तावना

चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत ‘हॅबिटॅट’ हा शब्द दोन भिन्न प्रसंगी भेटतो. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या संदर्भात तो वाघासाठी येतो, तर भामरागड परिसरातील माडिया गोंडांच्या वनहक्कांच्या संदर्भात माणसांसाठी येतो. मराठीत दोन्हीकडे ‘अधिवास’ हाच पर्याय योजला जातो. एकीकडे हा शब्द गावे हलविण्याच्या प्रक्रियेशी जोडलेला आहे, तर दुसरीकडे तोच शब्द तेथेच राहण्याच्या हक्काचा आधार आहे. या विसंगतीचे मूळ शब्दाच्या इतिहासात कितपत आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

व्युत्पत्ती : क्रियापदाचे नाम

लॅटिनमधील ‘हाबेरे’ या धातूचा अर्थ बाळगणे, जवळ असणे. त्यापासून पौनःपुन्यदर्शक ‘हाबितारे’ हे क्रियापद झाले. सातत्याने बाळगणे, म्हणून वस्ती करणे, असा त्याचा अर्थविस्तार आहे. ‘हाबितात’ हे त्याचे वर्तमानकाळी तृतीयपुरुषी एकवचनी रूप होय. त्याचा अर्थ ‘राहते’ एवढाच. लिनियसच्या १७५३ च्या ‘स्पीशीज प्लांटारम’ या ग्रंथात एखादी वनस्पती कोठे आढळते हे सांगणारे वाक्य सामान्यतः याच क्रियापदाने सुरू होते. पुढे इंग्रजीने या क्रियापदालाच नाम मानले. व्याकरणदृष्ट्या हा बदल लहान असला तरी त्याचा परिणाम मोठा झाला. क्रियापदात राहणारा कर्ता अध्याहृत असतो. नामात मात्र केवळ जागा उरते.

मराठी ‘अधिवास’ शब्दाची कथाही याला समांतर आहे. पाणिनीच्या व्याकरणानुसार ‘वस्’ धातूमागे ‘अधि’ हा उपसर्ग आला म्हणजे राहण्याचे स्थान सप्तमीत न येता द्वितीयेत येते, म्हणजेच ते कर्म ठरते. वनात राहणारा तेथे केवळ असतो असे नव्हे. तो वनाला ‘अधिवसतो’. येथेही कर्ता ठळक आहे. आजच्या मराठीत मात्र ‘अधिवास’ म्हटले की विद्यार्थ्याला प्रवेशासाठी लागणारे प्रमाणपत्र आठवते आणि पुरोहिताला मूर्तीच्या प्रतिष्ठापनेपूर्वीचा जलाधिवास किंवा धान्याधिवास आठवतो. परिसरविज्ञानाचा अर्थ या रूढ अर्थांच्या मागून आलेला आहे.

अन्य भाषांतील वाटा

फ्रेंच भूगोलशास्त्रात ‘आबिता’ हा शब्द प्रामुख्याने मानवी वस्तीची रचना दर्शवितो. संयुक्त राष्ट्रांची १९७६ ची व्हँकुव्हर परिषद ‘हॅबिटॅट’ या नावाने ओळखली गेली; तिचा विषय मानवी वसाहती हा होता. जर्मन भूगोलतज्ज्ञ राट्झेल यांनी १९०१ मध्ये ‘लेबेन्सराउम’, म्हणजे जीवनावकाश, ही संज्ञा जैवभौगोलिक विवेचनासाठी वापरली. पुढे नाझी राजवटीने तिचा उपयोग इतरांच्या भूमीवरील विस्ताराच्या समर्थनासाठी केला. परिसरविज्ञानाची संज्ञा राजकारणापासून अलिप्त राहते, हा समज या उदाहरणाने खोटा ठरतो.

हिंदीतील उदाहरण अधिक जवळचे आहे. ‘हॅबिटॅट’साठी ‘आवास’ हा शब्द योजल्यामुळे वनहक्क कायद्यातील हा हक्क म्हणजे घरकुल, असा समज पसरला. केंद्रीय जनजाती कार्य मंत्रालयाला २०१५ मध्ये त्याबाबत खुलासा करावा लागला. नदी, डोंगर, देवस्थाने व शिकार-संकलनाच्या वाटा यांसह संपूर्ण मुलखावरील हक्क अनुवादातील एका शब्दामुळे चार भिंतींत मावला. पर्यायी शब्दाची निवड हा केवळ शैलीचा प्रश्न नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

कायद्यातील द्वैत

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६ याच्या दुसऱ्याच कलमात ‘हॅबिटॅट’ दोन अर्थांनी येतो. एका व्याख्येत तो वन्यजीवांसाठी राखावयाच्या क्षेत्राचा वाचक आहे, तर दुसऱ्या व्याख्येत आदिम जमातींच्या रूढिगत क्षेत्राचा. महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम व माडिया गोंड या तीन जमाती या वर्गात मोडतात. २०१२ च्या सुधारित नियमांनी अशा जमातींना अधिवास हक्क मिळतील हे पाहण्याची जबाबदारी जिल्हास्तरीय समितीवर टाकली आणि त्यासाठी त्यांच्या पारंपरिक संस्थांशी विचारविनिमय आवश्यक ठरविला.

वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या २००६ च्या सुधारणेने ‘महत्त्वाचा व्याघ्र अधिवास’ ही संज्ञा आणली. त्यानुसार २००७ मध्ये ताडोबा-अंधारीचे सुमारे ६२५ चौरस किलोमीटर क्षेत्र अधिसूचित झाले. बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावे पुनर्वसित झाली. वननिवासींचे हक्क अबाधित राखावेत व पुनर्वसन स्वेच्छेने व्हावे, अशी अट कायद्यात आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. तथापि ‘अधिवास’ या नामात एकाच राहणाऱ्याची कल्पना रुजली की दुसरा राहणारा आपोआप अतिक्रमक वाटू लागतो. ज्या ताडोबाच्या नावाने हे उद्यान ओळखले जाते, तो स्थानिकांचा देव आहे आणि त्याचे ठाणे तलावाकाठी आहे. म्हणजे नावातच माणसाचा अधिवास नोंदलेला आहे.

निष्कर्ष

‘अधिवास’ हा शब्द टाकून द्यावा, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. धातूच्या दृष्टीने तो ‘आवास’पेक्षा सरस आहे. मात्र त्याच्या वापरात दोन पथ्ये पाळणे इष्ट ठरेल. सीमांकित भूभागासाठी ‘अधिवासक्षेत्र’ म्हणावे आणि राहणारा व स्थान यांच्यातील संबंधासाठी ‘अधिवास’ राखून ठेवावा. दुसरे असे की, कोणाचा अधिवास हे षष्ठीने स्पष्ट केल्याशिवाय हा शब्द वापरू नये. माडिया ही द्राविड कुळातील भाषा आहे. तिच्या भाषकांची मुलखाची कल्पना आपल्या कागदांत इंग्रजी व मराठी अशा दोन अनुवादांतून पोहोचते. त्यांचा स्वतःचा शब्द दाव्याच्या नोंदीत मूळ रूपात लिहून घेणे हे ग्रामसभेच्या आणि या दोन जिल्ह्यांतील भाषा व परिसरविज्ञान या विषयांच्या अध्यापकांच्या सहकार्याने सहज होण्यासारखे काम आहे. शब्दातून गळालेला कर्ता त्यामुळे निदान कागदावर तरी परत येईल.