विरहाचा अर्थ सांगण्याआधी

भक्तीतल्या विरहाबद्दल बोलताना आपण फार लवकर वेदान्तात शिरतो. ‘ही जिवाची शिवासाठी ओढ आहे’ असं म्हटलं की आपण मोकळे! हा अर्थ चुकीचा नाही. पण तो सांगायची इतकी घाई होते, की अभंग वाचायचाच राहतो.

भेटीची आस सांगणारा तुकोबांचा अभंग घेऊ. श्रीनिवास खळे यांची चाल आणि लताबाईंचा आवाज यांमुळे तो आपल्या कानांत बसलेला आहे. पण त्यातल्या उपमांचा क्रम आपण कधी पाहिला आहे का?

आधी येतो चकोर. काव्यातला जुना, ठरलेला पक्षी. मग दिवाळीच्या मुळाकडे डोळे लावून बसलेली लेक. मूळ म्हणजे तिला न्यायला येणारं माहेरचं माणूस. जीव कितीही तुटला तरी ती आपणहून निघू शकत नाही. कुणीतरी यावं लागतं. आणि ती वाट कुठली बघते? पंढरीची! उपमा पुरी व्हायच्या आतच माहेर आणि पंढरी एक होऊन जातात. त्यानंतर आईसाठी रडणारं भुकेलं बाळ. शेवटी उपमाच गळून पडते. भूक मलाच लागली आहे, असं तुकोबा सरळ सांगतात आणि देवाला धावत यायला लावतात.

ज्ञानदेवांच्या विरहिणीत चंदन पोळतं, फुलांची शेज आगीसारखी लागते. शृंगारकाव्यातले संकेत तिथे देवाच्या वाटेला लागलेले आहेत. त्यांचं सौंदर्य आम्हाला नाकारायचं नाही. पण तुकोबा इथे आपल्याला घरात आणतात, जिथे विरह म्हणजे परस्वाधीनता आहे आणि हक्कही आहे. भुकेलं मूल कधी अर्ज-विनंत्या करतं का? ते आईला बोलावूनच घेतं.

आणि अभंग तिथेच संपतो. भेट झाल्याचं त्यात कुठेही नाही. आपण मात्र ‘जीव-शिव ऐक्य’ म्हणून तुकोबांच्या वतीने भेट उरकून टाकतो! त्यांची भूक आपल्याला सोसवत नाही, म्हणून आपण तिला लगेच तत्त्वज्ञान भरवतो, असं आम्हाला वाटतं.

पुढच्या वेळी हा अभंग ऐकाल तेव्हा शेवटच्या ओळीनंतर जरा थांबून बघा. देव अजून आलेला नाही, एवढंच त्या क्षणी खरं असतं.